टोपलीतले सात खडे

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा गावांना जोडायला नुसत्या पायवाटाच होत्या. एका टेकडीच्या अलीकडे ख्रिस्ती लोकांचं लहानसं गाव होतं आणि पलीकडे चुना भाजणाऱ्यांची वस्ती. गावात सलोमी नावाची कुंभारीण राहायची. नवरा मडकी घडवायचा आणि सलोमी ती गाढवावर लादून वस्तीत विकून यायची. गाढवाचं नाव दिवाण.

दर बुधवारी दुपारी गावातल्या बायकांची प्रार्थनासभा भरे. तिथं एक रीत होती. प्रत्येकीनं आपली विनंती सांगायची आणि एक खडा टोपलीत टाकायचा. विनंती पुरी झाली, की तो खडा उचलून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवायचा. टोपली हन्नाआजी सांभाळायची. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला सगळ्या डोळसांच्या आधी कळायचं.

एका बुधवारी सलोमी म्हणाली, "प्रभू, पलीकडच्या वस्तीत ठकू नावाची पोर आहे. तिचं पहिलंच बाळ गेलं. भिंतीकडे तोंड करून पडलीय, धड जेवत नाही. तिच्याकडे कुणालातरी पाठव." आणि तिनं खडा टाकला.

पुढच्या बुधवारी तिनं आणखी एक खडा टाकून पुस्ती जोडली. "शिकलेलं माणूस पाठव प्रभू. गोड बोलणारं." तिसऱ्या बुधवारी म्हणाली, "वस्तीत शिरल्यावर चिंचेखालचं तिसरं खोपट. दाराला कडी नाही, ढकललं की उघडतं." चौथ्या बुधवारी म्हणाली, "तिला नाचणीची पेज आवडते म्हणे. येणाऱ्याला तेवढं सांगून ठेव."

सहाव्या बुधवारपर्यंत सभेतल्या सगळ्या बायकांना तो रस्ता तोंडपाठ झाला होता. चर्चच्या पाळकसाहेबांनीही कुणालातरी पाठवा म्हणून शहराकडे दोनदा निरोप धाडला. पण कुणी आलं नाही.

इकडे दिवाणला एक खोड लागली. वस्तीत गेला की ठकूच्या दारापुढे पाय रोवून उभा राहायचा. सलोमी ओढून ओढून घामाघूम व्हायची. पूर्वीच्या गोष्टींत गाढवं बोलायची म्हणतात. दिवाण कामाचं गाढव होतं, त्याला बोलायला सवड नव्हती. तो नुसता उभा राहायचा.

सातव्या बुधवारी सलोमीचा बांध फुटला. "आता पाणीसुद्धा घेत नाही, प्रभू. सासू म्हणते, चार दिवस निघाले तरी खूप. कुणीच कसं येत नाही?"

"सलोमे, इकडे ये," आजी म्हणाली. तिनं टोपली चाचपून सात खडे काढले आणि सलोमीच्या ओंजळीत घातले. "सात आठवडे तू देवाला वाट सांगतेयस. चिंच, खोपट, बिनकडीचं दार. त्याला हे ठाऊक नव्हतं होय गं? आणि तुला ते कुणी दाखवलं?"

सलोमी गोंधळली. "पण आजी, मी काय बोलणार? मला धड दोन ओळी वाचता येत नाहीत. मी आपली मडकी विकणारी बाई."

"तुझी लेक गेली, तेव्हा तुझ्याकडे कोण शिकलेलं आलं होतं?"

सलोमीनं ओंजळीतल्या खड्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तू आली होतीस. आणि एक शब्दही बोलली नव्हतीस."

"मग ऊठ. सभा संपायची वाट बघू नकोस."

एकजण कुजबुजली, "अहो आजी, आधी गावातल्या पुरुषमाणसांनी ठरवायला नको का?"

"ठरवू देत की," आजी म्हणाली. "तोवर ही जाऊन येईल."

बायका खुदकन हसल्या. कुणी घरी धावत जाऊन नाचणीचं पीठ आणलं, कुणी मीठ. दिवाणच्या पाठीवर गाडगं बांधलं आणि सलोमी निघाली. वाटेत तिनं एक लांबलचक सुंदर प्रार्थना जुळवली आणि दारापाशी पोचताच सगळी विसरली. दिवाण मात्र न सांगता बरोबर जागी थांबला.

तिनं दार ढकललं. चूल पेटवून पेज केली. मग ठकूच्या उशाशी बसली. ठकूनं एक इवलंसं दुपटं छातीशी धरलं होतं. ते पाहून सलोमीला हुंदका आवरेना.

"माझी पण गेली होती," ती म्हणाली. "दहा दिवसांची होती."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच ठकूनं भिंतीकडचं तोंड फिरवलं. "नाव ठेवलं होतं?"

"हो. सारा."

"माझ्याचं राहूनच गेलं, मावशी."

"मग आज ठेवू," सलोमी म्हणाली आणि तिनं आपला कान पुढे केला. ठकूनं नाव तिच्या कानात सांगितलं, म्हणून ते मला ठाऊक नाही. मग दोघी पोटभर रडल्या. सलोमीनं त्या नावानं प्रार्थना केली, "प्रभू, हे लेकरू तुझ्या मांडीवर असू दे." शिकलेल्या माणसालाही याहून जास्त काही सुचलं नसतं. त्या संध्याकाळी ठकू चार घोट पेज प्याली, दुसऱ्या दिवशी वाटीभर.

महिनाभरानं ठकू भट्टीवर कामाला उभी राहिली. पुढे वस्तीत कुणी तापानं पडलं, तर न सांगता पेज घेऊन पहिली जायची तीच.

सलोमीनं सातही खडे कट्ट्यावर मांडले. ते पाहून दुसरी बाई आपला खडा घेऊन उठली, कारण अबोला धरलेल्या जावेकडे तिनंच जायला हवं होतं. मग तिसरी उठली. पावसाळ्यापर्यंत टोपली इतकी हलकी झाली, की हन्नाआजी तिच्यात कोंबडीची अंडी ठेवू लागली.

तात्पर्य: ज्या दुःखाची वाट देवानं तुला दाखवली, तिथं जायचं बोलावणंही तुलाच आहे.