पेटाऱ्यातली धाकटी

एका राज्यात सुरंजन नावाचा राजा होता. सकाळी तो न्यायनिवाडा करी, दुपारी जेवून घटकाभर लवंडे, आणि ऊन कलले की मुकुट खुंटीला टांगून, डोक्याला तांबडा पटका बांधून लेकींपुढे जादूचे खेळ करी. प्रधान म्हणे, "महाराज, हे राजाला शोभत नाही." राजा म्हणे, "शोभायला मुकुट आहे, प्रधानजी. हसवायला मी आहे." प्रधान नाक मुरडी, आणि खेळ सुरू झाला की सर्वांच्या पुढे येऊन बसे.

सगळ्या खेळांत मोठा खेळ वेताच्या पेटाऱ्याचा. वेताच्या बनात वेत्रा नावाची मायावी म्हातारी राही, तिने तो विणून राजाला दिला होता. त्यात मूल बसवायचे, झाकण लावायचे, डमरू वाजवायचा. आतून मुलाने म्हणायचे, "येते हं." म्हटले की पेटारा रिकामा, मूल कुठेतरी पलीकडे. मग बाहेरच्याने म्हणायचे, "ये." म्हटले की मूल पुन्हा पेटाऱ्यात हजर. देताना म्हातारीने बजावले होते, "निघणाऱ्याने 'येते' म्हणावे, राहणाऱ्याने 'ये' म्हणावे. 'जा' हा शब्द या पेटाऱ्यासमोर काढू नये." आता यात नवल ते काय? तुमच्याआमच्या घरातही उंबऱ्यावर कोणी 'जातो' म्हणाले, तर आतून कोणीतरी खेकसतेच, "जातो नाही, येतो म्हण."

राजाची थोरली लेक रत्नप्रभा. पाच वर्षांची झाली तेव्हापासून पेटारा तिचा. सात वर्षे ती त्यात बसली. झाकण उघडून ती उभी राहिली की चौकात टाळ्यांचा कडकडाट होई, आणि सर्वांत मोठी टाळी तिच्या बापाची असे. मग बारावे सरले, आणि एके दिवशी झाकण काही केल्या बसेना. गुडघे वर आले. राजा हसून म्हणाला, "माझी लेक उंच झाली." सगळे हसले. रत्नप्रभाही हसली, पण पेटाऱ्यातून पाय बाहेर काढताना तिला रडू फुटत होते.

दुसऱ्या दिवशी पेटाऱ्यात धाकटी बसली. तिचे नाव कुंदकळी. वय वर्षे पाच, अंगाने एवढीशी. रत्नप्रभेला राजाने आपल्या शेजारी उभे केले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता 'ये' तू म्हणायचे."

तेव्हापासून रत्नप्रभेच्या पोटात दुखू लागले. राजवैद्याने ओवा दिला, हिंग लावला, लंघन सांगितले. ओव्याने बरे होणारे ते दुखणे नव्हतेच. सात वर्षे रत्नप्रभा पलीकडे गेली, ती डोळे घट्ट मिटून. ही चिमुरडी मात्र डोळे उघडे ठेवून जाई, आणि येताना कधी निळे पीस आणी, कधी जांभळे खाऊन जीभ रंगवून येई नि ती सगळ्यांना काढून दाखवी. लोक पोट धरून हसत. रत्नप्रभा मनात म्हणे, हे मला का सुचले नाही? आणि सुचले नाही म्हणून अधिकच जळे.

एके दिवशी कुंदकळी पलीकडून आली ती डोक्यावर खेकडा घेऊन. खेकडा प्रधानाच्या पागोट्यात शिरला. राजाला हसू आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, "सात वर्षे हा खेळ करतो आहे, पण असा कधी रंगला नव्हता."

सात वर्षे. ती कोणाची, हे राजाच्या ध्यानात आले नाही.

पुढल्या दिवशी डमरू वाजला. आतून गोड आवाज आला, "येते हं, ताई." आणि रत्नप्रभा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जा."

डमरूच्या आवाजात ते कोणी ऐकले नाही. खांबावर एक साळुंकी बसली होती, तिने तेवढे ऐकले.

पेटारा उघडला तो रिकामा. राजाने हाक मारली, राणीने मारली, पहारेकऱ्यांनी मारली. धाकटी आली नाही. राजाने विचारले, "बाळ, तू 'ये' म्हणालीस ना?" रत्नप्रभा म्हणाली, "म्हणाले." खरे सांगायचे तर अर्धी घटका तिला बरेही वाटले. पण राजा पेटाऱ्याशी टेकून जो बसला तो उठेना. पटका सुटला, डमरू कोपऱ्यात पडला. जिच्या जागेवर डोळा होता ती गेली, आणि जागाही गेली.

त्याच दिवसापासून राज्याला शाप लागला. जे गेले ते परत येईना. सकाळी चरायला गेलेल्या गाई टेकडीवर उभ्या राहून गावाकडे बघत हंबरू लागल्या. विहिरीत गेलेला पोहरा वर येईना. पुढे गेलेला झोका मागे येईना, त्यावरची मुले तशीच हवेत बसून राहिली आणि त्यांच्या आया खालून त्यांना घास देऊ लागल्या. लोकांनी उंबरा ओलांडणे सोडले.

तिसऱ्या दिवशी साळुंकी रत्नप्रभेच्या खिडकीत आली.

"मी ऐकले," ती म्हणाली.

"आबांना सांगणार आहेस?"

"मी सांगून काय होणार? ज्याचा शब्द त्याने आवरावा. वेत्राकडे जा."

"गेले तर परत येणार नाही."

"नाहीस येणार," साळुंकी म्हणाली. "बैस मग घरी."

रत्नप्रभेने चौकात पाहिले. पेटाऱ्यापाशी धाकटीच्या इवल्या मोजड्या पडल्या होत्या, घाईत काढलेल्या, डावी उजवीकडे नि उजवी डावीकडे. तिने त्या नीट जोडून ठेवल्या आणि निघाली. साळुंकी तिच्या खांद्यावर बसली.

वेताच्या बनात म्हातारी सूप विणत होती. तिने मान वर न करता विचारले, "कोणता शब्द?"

"जा."

"तीन कामे करावी लागतील. पहिले, त्या डबक्याकाठी एक बेडूक खेळ करतो. त्याला टाळी दे."

एवढेच ना, असे म्हणून रत्नप्रभा डबक्याशी गेली. बेडूक तीन आवळे झेलत होता. तिने हात उचलले, पण तळवे जुळेनात. दोहोंमध्ये बोटभर अंतर राहिले ते राहिलेच. हेवा करणाऱ्याच्या हातांचे असेच असते. बेडकाच्या हातून आवळे पडले. त्याने उचलले, पुन्हा पडले, पुन्हा उचलले. सात वेळा पडले. आठव्या वेळी तिन्ही आवळे हवेत फिरले आणि बेडूक स्वतःच चकित झाला. त्याचे ते तोंड पाहून रत्नप्रभेला हसू आले, आणि टाळी कधी वाजली ते तिला कळलेही नाही.

"दुसरे," म्हातारी म्हणाली, "सात वर्षांच्या टाळ्या तू पदराला बांधून ठेवल्या आहेस. त्या सोड."

रत्नप्रभेने गाठ सोडली. टाळ्या पारव्यांसारख्या फडफडत उडून गेल्या. एक उरली. ती तिने मुठीत घट्ट धरली.

"ती कोणाची?"

"आबांची. पहिल्या दिवसाची. ही मी देणार नाही."

म्हातारीने प्रथमच मान वर केली. "बरे. एवढी असू दे. तिसरे काम. घरी जा आणि ज्याच्याशी खोटे बोललीस त्याला खरे सांग."

"पण परत जाता येत नाही."

म्हातारी पुन्हा विणू लागली. साळुंकी म्हणाली, "परत कशाला जातेस? पुढे चल."

मग रत्नप्रभा मागे फिरली नाही. पुढेच चालली. नदी ओलांडून, डोंगर उतरून, अवघ्या राज्याला वळसा घालून नवव्या दिवशी ती मागच्या दाराने वाड्यात शिरली. ती परतलीच नव्हती, तेव्हा शापाला धरायला काही सापडले नाही.

राजा पेटाऱ्याशी बसला होता. रत्नप्रभा समोर उभी राहिली.

"आबा, मी 'ये' म्हणाले नाही. मी 'जा' म्हणाले. मला तिचा हेवा वाटला."

राजाने मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "का?"

"खेळ असा कधी रंगला नव्हता, असे तुम्ही म्हणालात. आधीची सात वर्षे माझी होती."

राजाने मान खाली घातली. "तुझी होती," तो म्हणाला. "बोलताना माझ्या ध्यानात आले नाही." तो उठला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि नेहमीच्या सवयीने त्याचा हात तिच्या खांद्यावर आला.

रत्नप्रभा म्हणाली, "ये."

पेटारा हलला नाही. आतून मात्र आवाज आला, बारीक आणि रुसलेला. "ताई, तू जा म्हणालीस. आबांनी सांगितले होते, ताईचे ऐकायचे. म्हणून मी गेले."

"चुकले माझे. आता ये."

"नको. मी आले की पुन्हा मलाच पेटाऱ्यात घालणार. आत काळोख असतो. तू बाहेर असतेस, आणि आबांचा हात तुझ्या खांद्यावर असतो. फटीतून मला रोज दिसतो. मला तुझी जागा हवी होती."

रत्नप्रभेने खांद्याकडे पाहिले. हात तिथे होता. तो पहिल्या दिवसापासून तिथे होता, आणि पेटाऱ्यावर डोळा लावून बसलेल्या तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली आणि धाकटीची फार फार माया आली. ती बाजूला सरली. राजाचा हात रिकाम्या हवेत राहिला.

"ये, कुंदे," ती म्हणाली. "इथे उभी राहा."

झाकण उघडले. धाकटी उभी होती, केसांत पाचोळा, जीभ जांभळी. रत्नप्रभेने मूठ सोडली आणि राखून ठेवलेली ती एक टाळी वाजवली. त्यासरशी झोके मागे आले, पोहरे भरून वर आले, आणि टेकडीवरच्या गाई शेपट्या उडवीत आपापल्या गोठ्याकडे धावल्या.

दुसऱ्या दिवशी पेटाऱ्यात राजा बसला. गुडघे बाहेर, पोट बाहेर, झाकण डोक्यावर टोपीसारखे. तो म्हणाला, "येतो हं." बाहेर दोघी बहिणी हातात हात घालून उभ्या होत्या. त्या एका सुरात म्हणाल्या, "या." राजा कुठेच गेला नाही, जाण्याइतका तो आत मावलाच नव्हता. तरी म्हणतात, त्या दिवशीसारखा खेळ पुन्हा झाला नाही.

ज्याचे गेले त्याचे आले, ज्याचे दुखत होते त्याचे थांबले, सांगणाऱ्याचा घसा सुकला, ऐकणाऱ्यांनी पाणी द्यावे. आणि रत्नप्रभेचा हेवा? तोही त्याच दिवशी गेला. फक्त उंबऱ्यावर घटकाभर थांबला, आणि 'येतो' म्हणून गेला.