वार्ताघराची बातमी

फार जुन्या काळची गोष्ट सांगतो. इतक्या जुन्या काळची, की ते राज्य नेमकं कुठे होतं हे आता कुणालाच ठाऊक नाही. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसलेल्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

त्या राज्याच्या राजधानीत एक वार्ताघर होतं. तिथले हरकारे, म्हणजे पायी फिरून बातम्या आणणारी माणसं, चारी दिशांच्या गावांना जात. ते परतले की लेखनिक त्यांचं सांगणं लिहून घेत, आणि दवंडीवाले ते बाजाराच्या चौकात मोठ्याने वाचून दाखवत. राज्यात कुठे काय घडलं, हे लोकांना या एकाच वाटेने कळायचं. सगळी मिळून अठरा माणसं तिथे काम करत.

म्हाळसा त्यांच्यातली लेखनिक. तिचं अक्षर सुबक होतं आणि कान तिखट. हरकारा दमून आला की ती आधी त्याला पाणी द्यायची, मग विचारायची, "हे डोळ्यांनी पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?" ही सवय तिला म्हाताऱ्या कारभाऱ्याने लावली होती.

एके वर्षी तो म्हातारा कारभारी वारला आणि त्याच्या जागी नवा आला. नवा कारभारी तरुण होता, हुशार होता, बोलायला गोड होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला वार्ताघराचं नाव मोठं करायचं होतं. आठवडाभर चौकात उभं राहून त्याने पाहिलं, की कुस्तीची किंवा लग्नाची बातमी असली की गर्दी जमते, आणि बांध फुटल्याची बातमी आली की माणसं हळूच पांगतात.

मग त्याने नवा नियम घातला. प्रत्येक हरकाऱ्याने रोज तीन बातम्या आणायच्या, आणि ऐकणारा खूश झाला पाहिजे अशाच आणायच्या. शिवाय रोज सकाळी सगळ्यांनी अंगणात उभं राहून म्हणायचं, "आपण सारे एका कुटुंबातले!"

आता तुम्हीच सांगा, डोंगरातल्या गावाला जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. रोज तीन बातम्या आणायच्या कुठून? हरकाऱ्यांनी लांबच्या गावांना जाणंच सोडलं. ते वेशीबाहेरच्या धर्मशाळेत बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याचं बोलणं ऐकायचे आणि त्यालाच थोडं तिखटमीठ लावून आणायचे. म्हाळसाने "पाहिलंत की ऐकलंत" असं विचारलं, की ते मान खाली घालायचे. काही दिवसांनी तिने विचारायचं सोडून दिलं.

डोंगराकडे जाणारा एकटा सिदोजी उरला. तो सगळ्यांत जुना हरकारा. एकदा त्याची बायको तापाने फणफणली, म्हणून त्याने दोन दिवसांची रजा मागितली.

कारभारी हसून म्हणाला, "सिदोजी, हे वार्ताघर म्हणजे तुमचं कुटुंबच ना? मग कुटुंबाला सोडून कुटुंबाकडे कसे जाता?"

सगळे हसले. म्हाळसाही हसली. रात्री जेवताना मात्र तिला घास गोड लागला नाही.

पुढे गुरांची मोठी जत्रा बारा दिवसांवर आली. राणीसाहेबांना जत्रेची हौस, म्हणून कारभारी रोज तिचीच दवंडी पिटवत होता. तेवढ्यात सिदोजी डोंगरातून परतला. तीन दिवसांनी आला आणि एकच बातमी घेऊन आला.

"पोरी, लिही," तो म्हाळसाला म्हणाला. "वरच्या चार गावांत गुरांना रोग लागलाय. तोंडातून लाळ गळते, चारा सोडतात आणि चौथ्या दिवशी मरतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. एका गोठ्यात सात बैल आडवे पडले होते. ही गुरं जत्रेला आली, तर सगळ्या राज्यात रोग पसरेल."

म्हाळसाने शब्दन् शब्द लिहून घेतला आणि कागद कारभाऱ्यापुढे ठेवला. कारभाऱ्याने तो वाचला आणि चार तुकडे केले.

"जत्रा तोंडावर आली असताना हे वाचायचं? तीन दिवसांत एक बातमी, आणि तीही अशी! सिदोजी, तुम्ही थकलात आता. उद्यापासून डोंगराकडे जाऊ नका. अंगण झाडा, पाणी भरा."

सिदोजीने म्हाळसाकडे पाहिलं. बाकीच्या सगळ्यांनीही तिच्याकडे पाहिलं, कारण बातमी तिच्या हातची होती. म्हाळसाला बोलायचं होतं. पण आपलीही जागा जाईल, असं तिला वाटलं. ती खाली बसली आणि पुढचा कागद ओढून जत्रेतल्या पाळण्यांची बातमी लिहू लागली.

आठ दिवस तसेच गेले. सिदोजी अंगण झाडत होता. म्हाळसा त्याच्याजवळून जाताना पदर सावरण्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायची.

मग निरोप आला, की राणीसाहेब वार्ताघर पाहायला येणार आहेत. कारभाऱ्याने म्हाळसाला बोलावलं. "एक वाक्य अठरा चिठ्ठ्यांवर लिहा. 'आम्ही इथे सुखात आहोत आणि कारभारी आम्हाला वडिलांसारखे आहेत.' प्रत्येकाने पाठ करायचं."

म्हाळसाने अठरा चिठ्ठ्या लिहिल्या. शेवटची तिची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब आल्या. त्या वयाने मोठ्या होत्या, धिमेपणाने बोलायच्या. प्रत्येकापाशी थांबून त्या विचारत, "काय, कसं चाललंय?" आणि प्रत्येक जण म्हणे, "आम्ही इथे सुखात आहोत आणि कारभारी आम्हाला वडिलांसारखे आहेत." दवंडीवाल्यांनी तर ते दवंडीच्याच सुरात सांगितलं. सिदोजीनेही, हातातला झाडू पाठीमागे लपवून, तेच म्हटलं. म्हाळसाने ते ऐकलं. खोटं कधी न बोललेल्या माणसाच्या तोंडात ते वाक्य तिनेच घातलं होतं.

राणीसाहेब तिच्यापुढे आल्या. "आणि तुमचं कसं चाललंय?"

"आम्ही इथे..." म्हाळसा म्हणाली आणि थांबली. कारभाऱ्याने घसा खाकरला.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "हे वाक्य काल मीच लिहिलंय. अठरा वेळा. आणि त्याच्या आधी एक खरी बातमी लिहिली होती, ती फाडली गेली. मी तेव्हा गप्प बसले."

मग तिने गुरांच्या रोगाचं सगळं सांगितलं. एक शब्दही चुकला नाही. सिदोजी पुढे आला आणि म्हणाला, "खरं आहे. मी पाहिलंय."

कारभारी घाईघाईने म्हणाला, "राणीसाहेब, प्रकरण एवढं गंभीर आहे हे मला कुणी समजावून सांगितलंच नाही!"

"सांगणाऱ्याच्या हातात तुम्ही झाडू दिलात," राणीसाहेब म्हणाल्या.

त्याच दिवशी घोडेस्वार सुटले. जत्रा बंद झाली, डोंगराचे रस्ते अडवले गेले. राज्य वाचलं. पण आठ दिवस उशीर झाला होता. लांबून निघालेली काही गुरं आधीच खालच्या दोन गावांत पोहोचली होती, आणि त्या दोन गावांतले गोठे रिकामे झाले.

राणीसाहेबांनी कारभाऱ्याला हाकललं नाही. त्यांनी त्याला वर्षभर हरकारा केलं. पायाला फोड घेऊन तो डोंगर चढला, गुरं गमावलेल्यांच्या ओसरीवर बसला, त्यांचे बोल त्याने ऐकले. दीड दिवसाच्या वाटेला दीड दिवसच लागतो, हे त्याच्या पायांना कळलं. वार्ताघराचा कारभार सिदोजीकडे आला. त्याने पहिल्याच दिवशी सकाळचं ते वाक्य बंद केलं आणि सगळ्यांना विचारलं, "कुणाच्या घरी कुणी आजारी आहे का?"

राणीसाहेबांनी म्हाळसाला भरजरी लुगडं देऊ केलं. तिने हात जोडले. "नको, राणीसाहेब. मी आठ दिवस आधी बोलायला हवं होतं."

मग ती त्या दोन गावांना पायी गेली. तिथे एका बाईच्या रिकाम्या गोठ्यापुढे उभी राहून म्हणाली, "मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही." ती बाई म्हणाली, "आता तरी सांगत जा." एवढं बोलून ती आत गेली. पुढे म्हाळसा जगली तोवर एकही खरी बातमी तिच्या हाताखाली अडून राहिली नाही.

बोध असा: ज्या घरात खरं बोलायची भीती वाटते, त्या घरातून बाहेरही खरं जात नाही.