वीस की चोवीस

“मग कापूनच टाकू का?”

“टाक.”

हंसपुरीबाबांनी मानसुद्धा वर केली नाही. मठाच्या ओसरीवर विळी घेऊन ते भोपळा चिरत बसले होते. फोडी परातीत पडत होत्या.

भुजंगाला वाटलं, बाबांना नीट ऐकू गेलं नसावं.

“मी बोटं म्हणतोय, बाबा. माझी. ही जास्तीची.”

“कळलं.”

बाबा विळीवरून उठले आणि विळी त्याच्याकडे सरकवून बाजूला बसले.

“घे. पण लवकर आटप. माझा अर्धा भोपळा राहिलाय.”

भुजंग विळीवर बसला. उजव्या हातावरचं उपरणं त्यानं काढलं. करंगळीला लागून, बाहेरच्या अंगाला, ते सहावं बोट होतं. कोवळ्या शेंगेएवढं. त्याला इवलंसं नखही होतं, आणि ते इतर नखांसारखं वाढायचं, कापावं लागायचं. ते बोट त्यानं पात्याजवळ नेलं.

…

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“दुखेल.”

“हो.”

“रक्त येईल, बाबा.”

“येईल. परात तेवढी लांब कर. फोडींवर उडेल.”

भुजंग ताडकन उठला. उपरणं त्यानं पुन्हा हाताभोवती गुंडाळलं.

“तुम्हाला थट्टा सुचते! मी इथं जीव टांगणीला लावून बसलोय आणि तुम्हाला भोपळा दिसतोय.”

“मला माणसं जेवू घालायची आहेत,” बाबा म्हणाले आणि विळी ओढून पुन्हा चिरायला बसले.

भुजंग पैनगंगेच्या पलीकडच्या सावरखेड्याचा. गावात तो पोथी सांगायचा. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि त्या दोन्हींचा त्याला चांगलाच अभिमान. पण पोथी सांगताना त्याचे हात कायम उपरण्याखाली असायचे. पान उलटायचं झालं की तर्जनी तेवढी बाहेर यायची, आणि बिळात शिरावी तशी झटकन आत जायची.

तो जन्मला तेव्हा सुईणीनं त्याची बोटं दोनदोनदा मोजली होती. दोन्ही हातांना सहा, दोन्ही पायांना सहा. “बाई, देवानं या खेपेला हात जरा सैल सोडला,” ती त्याच्या आईला म्हणाली होती. आईला काही हसू आलं नाही. तिनं त्याचे हात पदराखाली घेतले, ते भुजंगाला मिसरूड फुटेपर्यंत. गावातल्या पोरांनी मात्र त्याचं नाव चोविशा ठेवलं. चांभाराकडे वहाणांचं माप द्यायला तो दुपारच्या वेळी जायचा, जेव्हा तिथं कुणी नसायचं.

पुढं लग्न झालं. बायको सगुणा. तिनं हळदीच्या दिवशीच त्याचे हात पाहिले होते.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?” तो तिला विचारायचा.

“त्यात काय बोलायचं?” ती म्हणायची.

हे ‘त्यात काय’ भुजंगाला कधी पटलं नाही. कुणीतरी आपल्याला फसवतंय असंच त्याला वाटत राहिलं.

सगुणाला दिवस गेले. डोहाळजेवणाला आळीतल्या बायका जमल्या. पेढा आणि बर्फी झाकून ठेवलेल्या दोन वाट्या तिच्यापुढं आल्या, तेव्हा शेजारची पारूकाकू मोठ्यानं म्हणाली, “हिला पेढा की बर्फी काय विचारता? वीस की चोवीस ते विचारा!”

बायका फुटल्यासारख्या हसल्या. दाराआड भुजंग उभा होता. असलं ऐकायची त्याच्या कानांना सवय होती. पण त्या हसण्यात एक हसू सगुणाचं होतं, आणि ते त्यानं बरोबर ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी गेली. भुजंगानं घराला कडी घातली आणि नदी उतरून तो हंसपुरीबाबांच्या मठात आला. म्हणाला, “संन्यास द्या.”

बाबांनी त्याला झाडू दिला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. भुजंग अंगण झाडायचा, पाणी भरायचा, आणि बाबा जिथं सापडतील तिथं त्यांना गाठायचा. बाबा नदीवर आंघोळीला गेले तर काठावर. बाबा जपाला बसले तर समोर.

“बाबा, मला सुटायचंय.”

“कशातून?”

“या देहातून. नाशिवंत आहे तो.”

“सगळा?”

“सगळाच.”

“मग रोज चारच बोटांचं गाऱ्हाणं का आणतोस? कधी गुडघ्याचं आण. कानाचं आण.”

भुजंग मग पोथीतली वचनं म्हणायला लागायचा. एकापाठोपाठ एक, धाप लागेपर्यंत. बाबांच्या कपाळावरची शीर उठायची. एकदा तर माळ बाजूला टाकून ते ओरडले होते, “अरे, मला जप करू दे रे! तुझ्या बोटांपायी मी देवाचं नाव विसरलो!”

त्या भोपळ्याच्या दिवशी मठात अन्नदान होतं. पंगत बसली. बाबांनी भाकरीची टोपली भुजंगाच्या हातात दिली.

“वाढ. उपरणं इथं ठेव.”

“बाबा, लोक बघतील.”

“बघू देत. डोळे आहेत त्यांना.”

“मी पाणी वाढतो. भाकरी नको.”

“भाकरी,” बाबा म्हणाले.

भुजंग वाढायला निघाला. ओळीच्या सुरुवातीला भरघोस मिशांचे एक पाटील बसले होते. भाकरी पानात पडली तसे ते हातच धरून बसले.

“सहा बोटं! अहो, हे राजलक्षण आहे. मी नवी बैलजोडी घेतलीय. एकदा येऊन तिच्या पाठीवरनं हात फिरवा महाराज, एवढं कराच.”

भुजंगानं हात सोडवून घेतला आणि तो पुढं सरकला. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती. त्याचा हात पाहताच तिनं पत्रावळ ओढून मांडीखाली घेतली.

“दुसऱ्या कुणाला तरी पाठवा गं बाई. याच्या हातचं नको. अभद्र ते.”

भुजंगानं टोपली तिथंच आदळली आणि बाबांपुढं जाऊन उभा राहिला.

“पाहिलंत? एक पाया पडायला निघाला, दुसरी पान झाकते. मी आहे तरी कोण? शुभ की अशुभ? तुम्ही एकदाच काय ते सांगा!”

“म्हातारीला भाकरी मिळाली का?”

“… नाही.”

“मग आधी ती दे.”

“ती माझ्या हातची घेत नाही म्हणतेय ना!”

“टोपली तिच्यापुढं ठेव. तिला हात आहेत. तिची ती घेईल.”

भुजंगानं टोपली म्हातारीपुढं नेऊन ठेवली. तिनं दोन भाकऱ्या उचलल्या आणि खाली मान घालून जेवू लागली. पाटलांनी तोवर दुसऱ्यांदा भाजी मागितली होती.

भुजंग तसाच परत आला. “मी चाललो, बाबा. इथं माझं काही व्हायचं नाही.”

“जा.”

“कुठं जाऊ?”

“जाणारा तू. मला काय विचारतोस?”

भुजंग तरातरा नदीपर्यंत गेला. पाण्यात पाय सोडून बसला. पायांची बारा बोटं पाण्यात हलताना दिसली, तसे त्यानं पाय वर ओढून घेतले. उन्हं कलली तेव्हा तो मठात परतला. कुठं गेला होतास, हे बाबांनी विचारलं नाही. त्याचाच त्याला जास्त राग आला.

असेच दिवस गेले. नदीचं पाणी ओसरलं, गाडीला उतार मिळाला. आणि एका सकाळी मठापुढं बैलगाडी उभी राहिली.

भुजंग विहिरीवरून भरल्या घागरी घेऊन येत होता. ओसरीवर बाबांपुढं सगुणा बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. तिचा भाऊ बैल सोडून त्यांना नदीवर पाणी पाजायला घेऊन चालला होता.

भुजंगानं घागरी खाली ठेवल्या. खांद्यावरचं उपरणं आधी हातांवर ओढलं. मग जवळ आला.

“किती?”

सगुणानं वर पाहिलं. “काय किती?”

“तुला कळतंय.”

“मला नाही कळत. नीट बोला.”

“बोटं.”

…

सगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तोंड फिरवून ती बाबांशीच बोलू लागली.

“ऐकलंत बाबा? सव्वा महिना झाला नाही तोच लेकरू घेऊन मी गाडीनं नदी उतरून आले. मुलगा की मुलगी, हे यांनी विचारलं नाही. मी कशी आहे, तेही नाही. किती म्हणे!”

“मुलगा की मुलगी?” बाबांनी विचारलं.

“मुलगी.”

“छान.”

भुजंग खांबाला टेकून उभा होता. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं.

“तू हसलीस.”

“कधी?”

“डोहाळजेवणाला. पारूकाकू बोलली तेव्हा. सगळ्या हसल्या त्याचं मला काही नाही. पण तू हसलीस.”

लेकराच्या अंगावरचं दुपटं सगुणानं उगीचच सारखं केलं.

“हसले,” ती म्हणाली. “पारूकाकू चोवीस म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती बोटं आली. इवली इवली. सगळी एकदम हलणारी. म्हणून हसू आलं.”

…

“एवढ्यासाठी तुम्ही घर सोडलंत?”

मान खाली घालूनही भुजंगाची नजर दुपट्याकडेच वळत होती.

“मग… आहेत का?”

“पुन्हा तेच!” सगुणाचा आवाज चढला. “जो येतो तो दुपटं वर करतो. माहेरी तेच, वाटेत गाडी थांबली तिथं तेच. लेकराचं तोंड कुणी बघत नाही. मला वीट आलाय मोजणाऱ्यांचा. मी नाही सांगायची. घ्या. तुमची तुम्ही मोजा.”

ती उठली आणि तिनं लेकरू त्याच्यापुढं धरलं.

भुजंग दोन पावलं मागं सरला. “मला संन्यास घ्यायचाय. मी कसा हात लावू?”

“अरे, घे रे!” बाबा खेकसले. “तिचे हात भरून आलेत. संन्यास कुठं पळून चाललाय?”

उपरण्यात गुंडाळलेल्या हातांनी लेकरू घेता येईना. भुजंगानं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग उपरणं खाली पडू दिलं आणि हात पुढं केले.

“मान सांभाळा,” सगुणा म्हणाली.

त्यानं मान सांभाळली. तो ओसरीच्या कडेला बसला, लेकराला मांडीवर घेतलं. ऊन तोंडावर आलं तशी ती जागी झाली. कपाळाला आठ्या घालून तिनं त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाच्या कामात कुणीतरी व्यत्यय आणावा तशी. दोन्ही मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या होत्या. पाय दुपट्यात आत.

भुजंग वाकला. उजव्या हाताच्या कडेनं, फार हळू, तो एक मूठ उकलायला गेला.

“उघड जरा,” तो पुटपुटला. “एकदाच. बघू दे.”

मूठ उघडली. त्याला काही दिसायच्या आतच ती पुन्हा मिटली. आणि मिटली ती त्याच्या सहाव्या बोटावर.

…

त्या बोटाकडे आजवर पुष्कळांनी बोट दाखवलं होतं. धरलं कुणीच नव्हतं. आईनंसुद्धा ते झाकलं होतं, इतकंच. इतर बोटं त्या मुठीत मावली नसती. हे मात्र बेतानं शिवल्यासारखं आत बसलं होतं. मूठ ओलसर होती, गरम होती.

भुजंगानं बोट किंचित हलवलं. मूठ आणखी घट्ट झाली.

खाली नदीवर बैलांच्या गळ्यातले घुंगूर वाजत होते. सगुणानं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

“बाबा,” भुजंग म्हणाला. आवाज चिडका होता. “हिनं धरून ठेवलंय.”

“मग?”

“मूठ उघडत नाही. मोजू कसं?”

“सोडवून घे आपलं बोट.”

भुजंगानं दुसरा हात वर आणला. मुठीपर्यंत नेला. तिथंच तो थांबला.

…

“मला सोडवत नाही, बाबा.”

हंसपुरीबाबा भिंतीला हात देऊन उठले.

“इतके दिवस सुटायचं म्हणत होतास ना?” ते म्हणाले. “सूट आता.”