वरच्या खिशातला लायटर

“पण मास्तर, तळावरची खूण खोटं बोलेल का?”

हेरंब दारातूनच विचारत आत आला. चपलासुद्धा उंबऱ्यात आडव्यातिडव्या.

उजागरे मास्तर आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. आयुष्यभर त्यांनी जुने लायटर जमवले. पेट्रोल भरून पुन्हा पुन्हा वापरता येणारे. कपाटभर आहेत. हल्ली ते कपाट उघडतही नाहीत. हेरंब त्यांचा चेला. लायटर उलटा करायचा, तळाच्या खुणा वाचायच्या आणि साल सांगायचं, हे तो मास्तरांकडूनच शिकला. आता मास्तरांच्याही पुढे गेलाय, असं त्याचं स्वतःचं मत.

मी अळूवड्या द्यायला गेले होते. देऊन झाल्या होत्या. तरी थांबले.

“काकू, बसा,” मास्तर म्हणाले. “घरी जाऊन भिंतीला कान लावण्यापेक्षा ते बरं.”

मी बसले.

हेरंबने खिशातून लायटर काढून टेबलावर आपटला.

“बाबांचा. स्कूटरच्या डिकीत सापडला, फडक्यात गुंडाळलेला. माझ्या बारशाला सिगारेट सोडली म्हणे त्यांनी! पाकीट बंबात टाकलं म्हणून आई अजून येईल त्याला कौतुकाने सांगते.”

“मग?”

“हा बनलाच मुळी मी पाचवीत असताना.”

मास्तरांनी डोळे मिटले. “असेल.”

“असेल नाही, आहे! खूण बघा ना.”

“खुणा बघून बघून दमलो रे, बाळा...”

मला राहवेना. “अरे, कुणी भेट दिला असेल. नुसता ठेवला असेल त्यांनी.”

“काकू, चाक बघा, किती झिजलंय. कडा गुळगुळीत झाल्यात. वर्षानुवर्षं वापरलाय हा. आणि किल्ल्यांचा एक ओरखडा नाही, म्हणजे पँटच्या खिशात नव्हताच. शर्टाच्या वरच्या खिशात असायचा.”

सांगताना छाती फुगली होती पोराची. आणि डोळे भरले होते.



“उद्या बाबांचं वर्षश्राद्ध,” तो म्हणाला. “मी बसणार नाही. हा आईसमोर ठेवणार आणि साल सांगणार.”

“सांगितल्यावर काय होईल?” मास्तर म्हणाले.

“खरं बाहेर येईल. इतकी वर्षं फसवलं तिला. तिला कळायला नको?”

“कळल्यावर?”

“कळल्यावर...”



मास्तर गुडघ्यांवर हात टेकत उठले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवून समजावतील. त्यांनी पेट्रोलची बाटली आणली. लायटरच्या आतला भाग ओढून बाहेर काढला, कापसात पेट्रोल सोडलं, पुन्हा बसवला. पेटवून काही बघितला नाही. तसाच हेरंबच्या शर्टाच्या वरच्या खिशात टाकला.

“चहा घे.”

“मास्तर, मी विचारतोय काय...”

“चहा घे.”

चहा अर्थात मीच केला. मास्तरांकडे साखर कुठे असते ते मास्तरांपेक्षा मला जास्त ठाऊक.

कप रिकामे होत आले. हेरंबची चुळबूळ सुरू झाली. सारखा शर्ट चिमटीत धरून छातीपासून लांब करायचा.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“पेट्रोलचा वास येतोय. झिरपतंय.”

“जुना झालाय म्हणून?”

“छे, नवा असला तरी झिरपणारच. ही जातच तशी. खिशात ठेवला की शर्टाला वास लागलाच.”

“एका धुण्यात जातो?”

“एका धुण्यात कसला जातोय! दोनदा-तीनदा घासावं लागतं, तेव्हा कुठे...”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. फार थकलेले दिसत होते.

“तुझ्या बाबांचे शर्ट कोण धूत होतं रे?”