काळजंभाचा हात आणि चिमाचं मनगट

एका राज्यात आखाडे उदंड होते, आणि माणसं मात्र भेदरलेली होती. राजवाड्यामागे रोज सकाळी शंभर मल्ल शड्डू ठोकत, तो आवाज तीन आळ्या ओलांडून जाई. आणि शनिवार उजाडला की त्याच तीन आळ्या दारांना अडसर लावून चिडीचूप बसत.

त्याचं कारण असं. राजा धरणीपालाने काळ्या डोंगराच्या पोटातून सोन्याचा खजिना उकरून काढला. त्या खजिन्यावर काळजंभ नावाचा मांत्रिक बसलेला होता. तो म्हणाला, "राजा, सोनं ने. पण माझा हात तुझ्या प्रजेत ज्याचं मनगट धरील, त्याला सोडवायला दुसरा हात उचलणार नाही. कबूल?"

राजा हसला. "माझ्यापाशी शंभर मल्ल आहेत," म्हणाला, आणि सोनं गाड्यांत भरून घरी आला. हाव राजाला सुटते, ठेच प्रजेला लागते.

तेव्हापासून दर शनिवारी भर दुपारी डोंगराकडून एक हात येई. नुसता हात, कोपरामागे माणूस नाही. ज्याला न्यायचं, त्याच्या मनगटावर आदल्या रविवारीच काजळाचा डाग उमटे. हात येई, डागावर पकड घेई, आणि डोंगर त्या माणसाला गिळून टाकी. दाराचा अडसर त्या हाताला कधीच अडवत नसे. तो अडवी फक्त शेजाऱ्यांना. शंभरांतले चाळीस मल्ल असेच गेले. मग राजाने दवंडी पिटवली की आता ज्याचं त्याने स्वतःला राखावं, आखाड्याची विद्या लहानथोर सगळ्यांना खुली आहे.

परीटआळीत सगुणा नावाची परटीण होती. नवरा तापाने गेलेला, पदरी बारा वर्षांची एकच लेक, चिमा. एका रविवारी चिमा कण्या खायला बसली, आणि सगुणाला तिच्या मनगटावर डाग दिसला. तिने तो रिठ्याने घासला, राखेने घासला, कातडी सोलवटली. डाग हलला नाही.

तशीच लेकीला घेऊन ती आखाड्यात गेली. वस्ताद बलभद्र मातीत बसले होते.

"वस्ताद, पोरीला सोडवून घ्यायला शिकवा. सहाच दिवस आहेत."

वस्तादांनी चिमाचं मनगट धरलं. "हिसका दे, बाळ." चिमाने हिसका दिला, हात सुटला. दुसऱ्यांदा दिला, वस्ताद चक्क कोलमडले. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

घाटावर परतली तेव्हा खडकावर एक टिटवी बसली होती. टिटवी म्हणाली, "सगुणे, तो पडला नाही. त्याने मान राखला."

"म्हणजे काय?"

"तुमच्या आखाड्याची रीत विसरलीस? शिष्याने हिसका दिला की गुरूने सोडायचं, गुरूने ढकललं की शिष्याने पडायचं. तीन पिढ्या सगळे एकमेकांना सोडत आले आणि स्वतःला शूर समजत आले. काळजंभाच्या हाताला ही रीत कुणी शिकवलेली नाही."

टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, म्हणून सगुणाने विचारलं, "तुला काही येतं?"

"माझी अंडी उघड्या माळावर असतात. भिंत नाही, दार नाही. तरी चार पिलं उडवली. तीन कामं सांगते, चुकवू नको."

पहिलं काम आवाजाचं. चिमाने घाटावर उभं राहून इतकं ओरडायचं, की आळीची एक तरी खिडकी उघडली पाहिजे. दोन दिवस पोर "आई गं" आणि "वाचवा" ओरडली. खिडक्या बंदच. टिटवी म्हणाली, "सगळ्यांना मारलेली हाक कुणालाच मारलेली नसते. नाव घे. काय करायचं ते सांग." तिसऱ्या दिवशी चिमा ओरडली, "तुळसामावशी, खिडकी उघड!" आणि तुळसाने दचकून खिडकी उघडली.

दुसरं काम मनगटाचं, आणि ते चिमाहून सगुणाला जड गेलं. टिटवी म्हणाली, "तू धर. आणि सोडू नको."

परटिणीची पकड ती. ओली धोतरं पिळून पिळून बोटांना पीळ पडलेला. तिने धरलं, चिमा ओरडली, "आई, दुखतंय गं!" आणि सगुणाने सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं.

"वस्तादाने मानापायी सोडलं, तू मायेपायी सोडतेस," टिटवी म्हणाली. "शनिवारी पोरीला दोन्हींचा सारखाच उपयोग."

मग सगुणाने दात आवळून धरलं. चिमा रडली, चावली, आईला नाही नाही ते बोलली. टिटवी वरून सांगत होती, "मागे ओढू नको. पकड कितीही घट्ट असो, अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे तिचं दार असतं. कोपर वाकव, सगळं अंग अंगठ्याकडे फिरव." गुरुवारी दिवस कलता कलता चिमाचं मनगट आईच्या हातातून खरोखर निसटलं. ते काळंनिळं झालं होतं. सगुणा त्याच्याकडे बघू शकली नाही.

"आता तिसरं काम," टिटवी म्हणाली. "सुटलेल्या माणसाने तिथेच शड्डू ठोकायचा नसतो, पळायचं असतं. आणि पळायला एक उघडं दार लागतं. तुमच्या घरासमोर अंबूचं घर आहे. तिला दार माग."

सगुणाचा चेहरा उतरला. अंबू नावाडीण. गेल्या वर्षी तिचा लेक केरबा नेला गेला. त्या दुपारी केरबा सगुणाचं दार बडवत होता, आणि सगुणा आत कानांवर हात ठेवून बसली होती.

"शाप होता," ती पुटपुटली. "माझा हात कसा उचलला असता?"

"शाप धरलेल्या माणसापाशी आहे, सुटलेल्यापाशी नाही," टिटवी म्हणाली. "केरबा वल्हं मारणारा गडी. तो सुटून आला होता. धरलेला माणूस दोन्ही हातांनी दार बडवत नाही, सगुणे."

सगुणा उठली आणि अंबूच्या दारात जाऊन सगळं बोलली. आपण वर्षभर शाप म्हणत आलो ती आपली भीती होती, हेही बोलली. शेवटी म्हणाली, "अंबूबाई, मला काही देऊ नका. पोरीला दार द्या."

अंबूने ऐकून घेतलं. तिने दार लावलं, आणि आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

शनिवारी उन्हं डोक्यावर आली. मायलेकी अंगणात उभ्या होत्या. हात आला. काळा, थंड, नखं वाढलेली. त्याने चिमाचं मनगट धरलं, आणि सगुणाचे दोन्ही हात लुळे पडले. तिने जीव खाऊन उचलून पाहिले, ते हलेनात. चिमा चार पावलं फरफटत गेली. मग तिने कोपर वाकवलं, अंगठ्याकडे गर्रकन फिरली आणि सुटली.

ती पळाली. हात मागे झेपावला.

"अंबूकाकू, दार उघडा!"

दार उघडलं नाही. चिमा फळीवर जाऊन आदळली. हात वीतभर अंतरावर आला. "अंबूकाकू, मी चिमा! अडसर काढा!"

अडसर निघाला. अंबूने चिमाचा दंड धरून तिला आत ओढलं, आणि तीच उंबऱ्यावर उभी राहिली. जो उचलणार नाही असं काळजंभ म्हणाला होता, तो दुसरा हात पुढे आला होता. काळजंभाचा हात हवेतच थांबला, वठला, आणि खाली पडून त्याचा कोळसा झाला.

डोंगर उघडला. नेलेली माणसं डोळ्यांवर आडवा हात धरून एकेक करून बाहेर आली. अंबू पायथ्याशी उभी होती. शेवटचा मल्ल आला, तो म्हणाला, "मावशी, केरबाची वाट बघू नका. तो डोंगराच्या तोंडाशीही लढला. हाताने त्याला कड्यावरून लोटला."

सगुणा जवळ गेली. अंबू म्हणाली, "तुझ्यासाठी नाही उघडलं मी. तिने माझं नाव घेतलं."

असा शाप सुटला. राजाने स्वतःच्या खांद्यावरून सोनं डोंगरात परत नेलं आणि खजिन्यावर शिळा लोटली. वस्ताद बलभद्रांनी आखाड्यातली मानाची रीत मोडली. परीटआळीतली पोरं मात्र अंबूकडेच शिकतात. ती मनगट धरते, पोरं रडतात, ती सोडत नाही.

सगुणा रोज सकाळी तिच्या दारात पाण्याची घागर ठेवते. अंबू घागर आत घेते, रिकामी करून बाहेर ठेवते. बोलत नाही.