ठकाईचा धूप

ऐका, पण मध्ये तोंड घालू नका. हकिगत इतकी जुनी आहे की माझ्या आजीच्या आजीनंही ती ऐकूनच सांगितलेली.

फार वर्षांपूर्वी आमच्या या डोंगराखालच्या गावात ठकाई नावाची बाई राहायची. सालईच्या झाडाला हलकी चीर द्यायची, पाझरलेला डिंक वाळवायचा आणि गावाला धूप पुरवायचा, हेच तिचं काम. एकदा चीर दिली की तीन वर्षं त्या झाडाला ती हात लावायची नाही. झाडं तिला पावलांवरून ओळखायची, असं म्हणतात.

एका श्रावणात अशी झड लागली की बावीस दिवस ऊन दिसलं नाही. ठकाईच्या मडक्यात मूठभर धूप उरला, आणि तो होता डोंगरावरच्या माळजाईच्या सांजआरतीचा. देवीची एक सांज धुपावाचून गेली तर डोंगर गावावर येईल, अशी सगळ्यांची पक्की समजूत. धूप घेऊन ठकाई निघाली, तर वाटेत लोहाराच्या घरातून रडणं ऐकू आलं. त्याच्या बायकोची, हौसाची, नुकती सुटका झाली होती. लेकरू एवढंसं, गार पडलेलं, आणि घरात एक फडकं कोरडं नव्हतं.

ठकाईनं सगळा धूप शेगडीत टाकला, वर टोपली पालथी घातली आणि तिच्यावर ओली दुपटी पसरली.

धुपाची वाट बघून देवळातला गुरव खाली धावत आला. "ठकाई, देवीच्या वाटचा धूप जाळलास? आता डोंगर आला म्हंजी?"

"यील तवा बघू. देवीला पेटीभर लुगडी हायेत. ह्याला कोरडी चिंधी बी न्हाई."

तिनं ऊनऊन दुपट्यात लेकराला गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि थोड्या वेळानं ते टाहो फोडून रडलं. ही जागा आली की मला अजून भरून येतं.

गुरव रिकाम्या हातानं देवळात गेला. बघतो तर धुपाटणं गार आणि गाभारा सुवासिक धुरानं भरलेला! लोहाराच्या छपरातून निघालेला धूर वाऱ्याच्या उलट चालत डोंगर चढला, असं म्हणतात. डोंगर तसूभर हलला नाही. गुरव खाली आला तो देवीचं मऊ लुगडं घेऊनच. "फाड," म्हणाला, "दुपटी कर."

आजही आमच्याकडे मूल जन्मलं की पहिला धूप बाळंतिणीच्या खोलीत जातो, सोबत देवीचं लुगडं. त्या छपरातून धूर दिसला की मगच वर घंटा वाजते. परवा माझ्या धाकटीला मुलगी झाली, तेव्हा आरती चांगली तासभर थांबली. माळजाईला सवय आहे.