शुद्धी कुणी बोलायची

हे बाहेर सांगायचं नाही, असं अण्णांनी बजावलं आहे. तरी लिहिते.

"महाराज, माझ्या पोरामुळं आज तुम्ही उपाशी राहिलात. आता याला काय शिक्षा करू, तुम्हीच सांगा," अण्णा म्हणाले.

संध्याकाळ होती. मंदिरामागच्या खोलीत मुनिमहाराज पाटावर बसले होते. समोर अण्णा, त्यांच्यामागे माझा धाकटा भाऊ सन्मती, आणि दाराशी मी.

महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात. उभ्याने, ओंजळीत. तेव्हा काही वाईट दिसलं किंवा कानावर आलं, की ओंजळ सोडतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. सकाळी आमच्या घरी तसं झालं होतं.

"यानं काय केलं?" महाराजांनी विचारलं.

"दारावर लाथा घातल्या. तुमच्यासमोर तमाशा नको, म्हणून तर आतल्या खोलीत कोंडला होता. मागच्या आठवड्यात आईला तांब्या फेकून मारला. भुवईला टाके पडलेत तिच्या. असले आमचे दिवटे चिरंजीव!"

महाराज सन्मतीकडे वळले.

"आईला का मारलंस, बाळ?"

"ती मध्ये आली."

"कुणाच्या?"

सन्मती अण्णांच्या पाठीकडे बघत राहिला…

"याला नियम द्या, महाराज," अण्णा घाईने म्हणाले. "राग सोडण्याचा. आमच्या घरात हे नवीनच आहे. मी दिवस मावळल्यावर घास खात नाही. मुंगी दिसली तर पाऊल मागे घेतो. सगळं गाव सांगेल."

"लाथा बसत होत्या, तेव्हा मी दूध घेतलं," महाराज म्हणाले. "भातही घेतला."

"मग ओंजळ का सोडलीत?"

"बंद दाराकडे तोंड करून तुम्ही काय म्हणालात?"

मी सकाळी पाणी घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होते. मला ऐकू आलं होतं.

"हळूच म्हणालो होतो," अण्णा म्हणाले.

"हळूच… 'थांब, आज तुला मारूनच टाकतो.' मारण्याची भाषा कानावर पडली, की आम्हाला जेवता येत नाही."

"तोंडातून गेलं, महाराज. कुठला बाप बोलत नाही?"

महाराजांनी सन्मतीला हाताने जवळ बोलावलं. तो आला, गुडघ्यांवर बसला. आशीर्वाद द्यायला महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलली.

सन्मतीने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

पिच्छी तशीच वर राहिली…

"नाटकं करतोय," अण्णा म्हणाले. हसायला गेले, पण हसू आलं नाही.

महाराजांनी पिच्छी अलगद खाली ठेवली.

"आहार देण्याआधी दात्याने काय बोलायचं असतं?"

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी," अण्णांनी घडाघडा म्हटलं. "माझं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, शरीर शुद्ध आहे…"

"उद्या पाय कुणाच्या दारात थांबतील, ते आम्ही आधी सांगत नसतो. पण तुमच्या दारात थांबलेच, तर हे तुम्ही बोलायचं नाही. तुमच्याबद्दल हा बोलेल."

अण्णांनी वळून सन्मतीकडे पाहिलं. तो अजून हात खाली घ्यायला तयार नव्हता.

"आणि… नाही बोलला तर?"

"तर माझा उद्याही उपवास."

आता सकाळ झाली आहे. अण्णा कलश धरून दारात उभे आहेत. सन्मती त्यांच्या शेजारी आहे, पण हातभर अंतर ठेवून. अण्णांनी आत्ता खाली वाकून त्याला काहीतरी विचारलं, आणि सन्मतीने मान

"राजुल, ठेव ते पेन!" आईने हाक मारली. "महाराज आपल्या गल्लीत वळले!"